कानाच्या कडेवरची खपली

मित्रांनो, मी मढच्या एका बंगल्यात राहणारी म्हातारी मांजर आहे. रंगाने करडी आणि शेपटीने आखूड. माझ्या डाव्या कानाची कड कुरतडल्यासारखी दिसते. तिथे मला कोणी चावलेले नाही. माझा आजार तिथून सुरू झाला होता.

माझा जन्म खाडीपलीकडे, वर्सोव्याच्या एका चाळीत झाला. जानकी नावाच्या बाईने मला पाळले. तिचा नवरा मधुकर बर्फाच्या कारखान्यात कामाला होता. मला खारवलेली मासळी फार आवडे, म्हणून जानकीने माझे नाव खारी ठेवले. "हिच्यामुळे आमच्या तांदळाला उंदीर शिवत नाही," असे ती शेजारणींना कौतुकाने सांगे. तिची तान्ही लेक लता पाळण्यात झोपायची आणि मी पाळण्याखाली.

१९८४ सालच्या थंडीत माझ्या कानाला खाज सुटली. कडेवर बारीक, राखाडी खपली धरली. जानकीला वाटले, बोक्याशी भांडून आली असेल. मी खाजवत राहिले. खपली कपाळावर आली, डोळ्यांभोवती आली, मानेवर उतरली. केस गळाले आणि कातडी जाड होऊन सुरकुतली. एका शेजाऱ्याने सांगितले म्हणून मधुकरने माझ्या मानेला रॉकेल चोळले. अंगाची आग झाली. ते चाटले म्हणून मला दोन दिवस उलट्या झाल्या. खाज मात्र तशीच राहिली.

मग लताच्या हातांवर लाल पुरळ उठले. त्या दिवसापासून जानकीने मला जवळ घेतले नाही. दारात आले की ती झाडू आपटायची. ज्या पायऱ्यांवर मुले मला नावाने हाक मारीत, तिथेच ती आता "शी!" म्हणून बाजूला होत.

एके सकाळी मधुकरचा भाऊ कुंडलिक गोणपाट घेऊन आला. "वहिनी, पलीकडे सोडून येतो. पोरीला काय झालं तर वाट लागेल." जानकी आत गेली आणि तिने दार लावून घेतले. गोणपाटातून मला फक्त होडीच्या इंजिनाचा आवाज ऐकू आला.

मढला मी पंधरा दिवस एकटी होते. डोळे खपलीने अर्धे मिटले होते. मासळी वाळत घातलेल्या ठिकाणी गेले की बायका दगड उचलीत, आणि तिथल्या मांजरीही मला जवळ येऊ देत नसत. शेवटी एका बंगल्याच्या पंपाच्या खोलीत मी अंग टाकले.

त्या बंगल्याची राखण धाकू करायचा. तो मूळचा मालवणकडचा, बायको वारलेली, मुलगा दुबईला. सिनेमावाले भाड्याने बंगला घेत तेव्हा चार दिवस गजबज असे. एरवी तो आणि समुद्र.

त्याने मला पाहिले आणि तो खाली बसला. "काय झाला गो बाय तुका?" कितीतरी दिवसांनी कोणीतरी माझ्याशी बोलले होते.

त्याने हाताला पिशवी गुंडाळली, मला टोपलीत घातले आणि होडीने खाडी ओलांडून अंधेरीच्या जनावरांच्या दवाखान्यात नेले. तिथे वसुधा नावाच्या डॉक्टर होत्या. त्यांनी कानाची कड पात्याने हलकेच खरवडली आणि तो भुगा सूक्ष्मदर्शकाखाली धरला.

"खरूज आहे. डोळ्यांना न दिसणारे किडे कातडीत बिळं करतात. बहुतेक कानापासूनच सुरुवात होते."

"ही जगात काय?" धाकूने विचारले.

"जगेल. पण मधेच औषध सोडायचं नाही. हे गंधकाचं औषध मी सांगते तेवढ्याच पाण्यात मिसळा आणि आठवड्यातून एकदा अंगाला लावा, सहा आठवडे. वाळेपर्यंत चाटू देऊ नका. अंथरूण उकळत्या पाण्यात धुवा. बाकीच्या मांजरींपासून वेगळी ठेवा. रॉकेल, फिनेल काही लावू नका, मांजर अंग चाटते, ते विष पोटात जातं."

"आणि माका लागला तर?"

"खाज येईल थोडे दिवस. मांजर बरी झाली की तुमचीही जाईल."

औषधाला कुजक्या अंड्यांसारखा वास येई. मी धाकूला ओरबाडले, तरी तो दर रविवारी मला गंधकाचे पाणी लावी आणि वाळेपर्यंत मांडीवर धरून बसे. त्याच्या हातांना पुरळ उठले, तेव्हा होडीतली माणसे त्याच्यापासून सरकून बसू लागली. तो घरी येऊन मला म्हणाला, "आता आपण दोघा सारखीच."

तिसऱ्या आठवड्यात खपल्या गळाल्या. सहाव्या आठवड्यात मानेवर मऊ लव आली. धाकूचे हातही स्वच्छ झाले.

पुढच्या वर्षी जानकी मढच्या देवीला आली. बंगल्याच्या फाटकापाशी मला पाहून ती थबकली. "खारी? आमचीच ना गं तू?" ती रडू लागली.

धाकूने तिला पाणी दिले. सगळे ऐकून घेतले. मग हळूच म्हणाला, "तुमचीच हा. न्यायची तर न्या." बोलताना त्याने माझ्याकडे पाहिले नाही.

"पोरीचं अंग बघून घाबरले हो मी. महिन्याभरात तिचं आपोआप बरं झालं." जानकीने डोळे पुसले. "तुम्ही एकटे. हिला कशी नेऊ? पण ते औषध मला सांगा. आमच्या चाळीत एका पिल्लाच्या कानांना तसंच झालंय. दीर गोणपाट शोधतोय."

धाकूने सगळे दोनदा सांगितले. उरलेली बाटलीही दिली. "पाणी किती घालायचा ता मात्र डॉक्टरीणबाईंका विचारा. पिल्लू लहान आसा."

जानकीने माझ्या कानावरून बोट फिरवले आणि ती बाटली पदरात घेऊन निघाली. मी फाटकापर्यंत तिच्या मागे गेले. होडी सुटल्याचे ऐकेपर्यंत तिथेच बसले.

मित्रांनो, मला धाकूने वाचवले, तरी त्या बंद दाराची मला अजून आठवण येते. तुमच्या मांजरीच्या कानावर खपली दिसली, तर तिला वेगळी ठेवा, डॉक्टरांकडे न्या, औषध पुरे करा. आणि ती बरी होईपर्यंत तिला लांबून का होईना, नावाने हाक मारत राहा.