अर्ध्या सुताचं मौन

"सूनबाई, टोकापासून मोजू नोको, एकावरून मोजजो. आन् ज्याले पट्टी देशील, त्याले हे सांगूनच देजो."

कौशल्याच्या सासऱ्यांचं हे शेवटच्या आजारातलं सांगणं. तिनं माझ्यावर हात ठेवून म्हटलं होतं, "सांगीन मामंजी."

मित्रांनो, ती पट्टी म्हणजे मी. मी एक जुनी पोलादी फूटपट्टी आहे. मामंजींनी मला गोंदियाच्या बाजारातून आणलं, तेव्हा माझं टोक कोरं होतं. पण विचार करताना मला ऐरणीवर टकटक आपटायची त्यांना सवय. वीस वर्षांत माझं शून्याकडचं टोक अर्धं सूत झिजलं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, त्याचंही अर्धं. सांगितल्याशिवाय डोळ्याला दिसायचं नाही. म्हणून टोक सोडून एकाच्या खुणेपासून मोजायचं.

भिलाईत पोलादाचा कारखाना उभा राहू लागला आणि कॅम्प-१ या वस्तीतल्या आमच्या गल्लीत पाच दुकानं झाली. कौशल्याचा नवरा हिरालाल पत्रे कापायचा, बाबुलालची भट्टी होती, सुखरामचा लेथ. एकाचं अडलं की दुसरा धावे. मी तर पाचही दुकानांत फिरायची. खंडेनवमीला मला हळदकुंकू लागायचं. सवयीनं हात टोकावरच जातो, म्हणून मला देताना कौशल्या दर वेळी म्हणायची, "भाऊ, एकावरून हं." खरं सांगते, ते ऐकताना मला लाज वाटायची. आपलं व्यंग चारचौघांत कोणाला ऐकावंसं वाटतं?

एका श्रावणात जर्मनीहून एक साहेब आला. पोलाद कारखान्याच्या ऑफिसातले भैय्याजी त्याचं बोलणं समजावून सांगत.

"साहेब म्हणते, त्याची कंपनी इकडे मशिनीचा कारखाना टाकू पाहते. पैसा त्याहीचा. पण एका चांगल्या दुकानासाठी कोणी समुद्र ओलांडून येत नाही. इथं लोखंड जवळ आहे, आन् एका गल्लीत पाच दुकानं एकमेकाले धरून आहेत, म्हणून तो आला. पाची जणं मिळून एक चौकट करून दाखवा."

"आन् जमली तं?" हिरालालनं विचारलं.

"तं त्याचं काम तुमच्याकडे. नाही तं तो दुसरं गाव पाहीन."

"मंग तं घरची बी मले साहेब म्हणन," बाबुलाल म्हणाला. सगळे हसले.

आखणी सुखरामकडे आली. त्यानं खुणा करायच्या आणि बाकीच्यांनी त्यावर कापायचं. सोमवारी सकाळीच तो मला मागायला आला. श्रावणी सोमवारी दिवेलागणीपर्यंत कौशल्याचं मौन असे. तिनं मला कपाळाला लावून त्याच्या हाती दिलं आणि एक बोट वर केलं.

"हो वहिनी, एका दिवसात आणून देतो," सुखराम म्हणाला.

तिनं पुन्हा बोट दाखवलं. तो हसत निघून गेला. संध्याकाळी सांगू, असं तिनं मनाशी धरलं. उपास सोडायच्या गडबडीत ते राहून गेलं.

शनिवारी चौकट जुळली. तुकड्यात तुकडा असा बसला की हिरालालनं पेढे मागवले. मग साहेबानं पेटीतून आपला मापाचा दांडा काढून चौकटीत घालून पाहिला. तो बसेना. साहेबानं एकेक तुकडा मोजला आणि भैय्याजींकडे पाहिलं.

"पाची तुकडे सारखेच आखूड आहेत म्हणते. आखणी कोणाची?"

सगळ्यांनी सुखरामकडे पाहिलं.

"आंधळ्याच्या हाती खडू देल्ला आमी," बाबुलाल म्हणाला.

सुखराम खाली मान घालून आपली बोटं पाहत राहिला. कौशल्या चहाची थाळी घेऊन दारात उभी होती. त्या दिवशी तिचं मौन नव्हतं, तरी ती बोलली नाही. मी टेबलावर पडून होते. मला तोंड नाही, तिला होतं. इतक्या वर्षांत माझी इतकी पूजा झाली, पण त्या घटकेइतकी शरम मला कधी वाटली नाही. आणि तिचीही मान वर झाली नाही.

साहेब सोमवारी दुपारच्या गाडीनं जायचा होता. रविवारी सुखरामनं दुकान उघडलं नाही. कौशल्याच्या ताटातला घासही तसाच राहिला.

मित्रांनो, हत्यारांना तेल लावा, त्यांची टोकं जपा. पण वस्तू उसनी देताना तिचं व्यंगही सोबत द्या. झाकून ठेवलेलं अर्धं सूत दुसऱ्याच्या माथी बसतं.

सोमवारी पहाटे कौशल्यानं आंघोळ केली, तुळशीपाशी दिवा लावला आणि मला देवघरातून उचलून पदरात गुंडाळलं.

"कोठी चालली? आज तं तुयं मौन हाये नं?" हिरालालनं विचारलं.

तिनं होकारार्थी मान हलवली आणि चपला पायात सरकवल्या. आधी सुखरामचं बंद दार गाठायचं होतं, मग साहेब उतरला होता तो बंगला. पदराच्या आत मला तिचा आवाज ऐकू येत होता. पुटपुटत ती घोकत होती, "एकावरून, भाऊ... एकावरून."