मऊ भात

पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरची रक्तातली साखर काही केल्या उतरत नव्हती. गोळ्या वेळेवर, चहा बिनसाखरेचा, तरी जेवणानंतर दोन तासांनी आकडा तीनशेच्या घरात. त्याची धाकटी बहीण लॉन्ड्रीत दिवसभर इस्त्री करून यायची, दोघांचं रांधायची आणि मग त्याच्या बोटाला सुई टोचायची. आकडा बघितला की तिच्या अंगातलं उरलंसुरलं त्राणही जायचं.

दादा चोरून गोड खातो, याची तिला खात्रीच होती. एकदा तो आंघोळीला गेलेला असताना तिने त्याचं कामाचं टेबल उपसलं. पुठ्ठे, दोरा, कागद चिकटवायच्या खळीचा डबा. साखरेचा कण नाही. वळून बघते तो दादा दारात. त्यानंतर दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही.

दवाखान्यातल्या नर्सने वहीत लिहायला सांगितलं: काय खाल्लं, कसं शिजवलं, नंतर आकडा किती. बहिणीने जिवावर येऊन लिहिलं. रोज तेच, मऊ भात, कुस्करलेला बटाटा. दादाची कवळी टोचायची म्हणून वर्षभर ती त्याला सगळं गाळ करूनच वाढत होती.

एका गुरुवारी तिला उशीर झाला. भूक निघेना म्हणून दादाने कवळी बसवली आणि तिने सकाळी स्वतःसाठी शिजवून ठेवलेले घेवड्याचे दाणे अन् थोडा मोकळा भात चावत चावत खाल्ला. आकडा आला एकशे अठ्ठ्याऐंशी. तिने मशीन पुसून पुन्हा टोचलं. तेवढाच.

वही बघून नर्सला नवल वाटलं नाही. गाळ केलेला भात-बटाटा लगेच साखर होऊन रक्तात उतरतो, दाण्यांसोबत चावून खाल्लेलं सावकाश, असं तिने समजावलं. बहीण घरी आली ती चपलाही न काढता बसली.

"दादा, मीच तुला साखर भरवत होते. आणि वर झडती घेतली तुझी."

"तुला काय वाटलं, खळ खातो मी?" तो म्हणाला. मग म्हणाला, "कवळीचा कंटाळा मीच केला ना."

दातांच्या डॉक्टरने कवळी घासून दिली. अजून थोडी टोचते. आता आधी भाजी आणि दाणे, मग वाटीभर मोकळा भात. जेवायला तासभर लागतो. बहीण भिंतीला टेकून पेंगते, दोन तासांनी दादाच तिला उठवतो. आकडा बहुतेक एकशे ऐंशीच्या आत असतो. एखाद्या दिवशी उगाचच दोनशेवर उडी मारतो. तेव्हा ती काही विचारत नाही, वहीत लिहिते आणि ताटं विसळायला जाते.