जाड सालं

शाश्वत विकासाच्या अभ्यासक्रमात घोकंपट्टी कमी आणि हात मळवायचं काम जास्त. वर्गात सगळे जिला धाकटी म्हणत, तिच्या गटाच्या वाट्याला विद्यापीठामागचा कंपोस्टचा ढीग आला होता. सुट्टी लागली तसे गटातले सगळे आपापल्या घरी पांगले. ढिगाकडे बघायला कुणीतरी हवं होतं. "मी थांबते," धाकटी म्हणाली आणि सगळ्यांना हायसं वाटलं. ती का थांबतेय, हे मात्र कुणी विचारलं नाही.

आई गेल्यापासून घर दादा-वहिनीचं झालं होतं. "ये की, पण तुझ्या खोलीत आता बाळाचा पाळणा आहे, जरा अडचण होईल," असं दादा फोनवर म्हणाला, तेव्हाच ती काय ते समजली होती.

वसतिगृहात बोलायला चिटपाखरू नव्हतं. सकाळी उठून ती फावड्यानं ढीग खालीवर करायची आणि लांब दांड्याचा थर्मामीटर आत खुपसायची. चांगला ढीग आतून गरम असतो. पण खानावळ बंद, ओला कचरा येईना, आणि ढीग दिवसेंदिवस गार पडत चालला.

"ढीग उपाशी आहे, सर," तिनं फोनवर सांगितलं.

"मग घाल त्याला खायला. मागच्या गल्लीत घरं आहेत की!"

लाज गुंडाळून ठेवून ती बादली घेऊन दारं वाजवू लागली. कुणी दारातूनच वाटेला लावलं, कुणी "कचरा मागायला आलीस?" म्हणून हसलं. टोकाच्या घरात एक म्हातारे शिंपी एकटेच राहत. त्यांनी चहाचा चोथा आणि एका बटाट्याची सालं दिली, तीही कागदासारखी पातळ.

"एकट्याच्या घरात आणखी काय निघणार?" ते ओशाळून म्हणाले. "पण उद्या ये हं."

ती गेली. मग रोजच जाऊ लागली. हळूहळू बादली काठोकाठ भरायला लागली आणि ढिगातून वाफा निघू लागल्या. धाकटी खुशीत होती. मग एके दिवशी बादली ओतताना तिचा हात थबकला. सालं बोटभर जाड होती. त्यांच्याखाली अख्खी गाजरं, आणि कोबीचा करकरीत ताजा गड्डा.

ती तशीच माघारी गेली.

"आजोबा, गाजरं चांगली आहेत ही."

"किडकी होती."

"आजोबा!"

शिंपी दाराची कडी उगीच खालीवर करत राहिले. "एका बटाट्याच्या सालांसाठी तू किती दिवस आली असतीस?"

अन्नाच्या नासाडीवर धाकटी तासभर बोलू शकली असती. पण ती म्हणाली, "पातेलं कुठंय? सूप करू या."

सूप जरा खारटच झालं. दोघांनी ते संपवलं.

सुट्टी संपली, खानावळ उघडली. ढीग बघून सरांनी तिची पाठ थोपटली. "एकटीनं मजा केलीस ना?" एका मैत्रिणीनं विचारलं. "हो, मजाच," धाकटी म्हणाली. तोवर मैत्रीण घरून आणलेले फोटो दुसऱ्यांना दाखवायला वळलीसुद्धा.

आता कचऱ्याची गरज नव्हती. मग कुठल्या तोंडानं जायचं? दोन दिवस तिनं कसेबसे काढले. तिसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी थांबून तिनं आपल्या कोटाचं घट्ट बसलेलं बटण पिळलं आणि ओढून तोडलं.

"बटण तुटलं, आजोबा."

शिंप्यांनी कोट उजेडात धरला. ताज्या तुटलेल्या धाग्यांवरून अंगठा फिरवला, चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. धाकटीनं नजर चुकवली.

"बाकीचीही सैल झालीत," ते म्हणाले. "एका दिवसात नाही व्हायचं हे काम. बस."