झाकली मूठ

"तोंड आहे, माणसं आहेत, झाली सभा. ती चालवायला शिकावं लागतं होय?" डेअरीच्या शेडमध्ये दुधाच्या कॅनवर पाय ठेवून भोंगा म्हणाला. गावानं त्याला हे नाव उगाच ठेवलं नव्हतं. त्याची धाकटी भावजय, आमच्या गावची शिंपीण, चळवळवाल्यांच्या शिबिरात आठ दिवस राहून आली होती आणि आजची सभा ती चालवणार होती. हे त्याला सकाळपासून टोचत होतं.

"सभा चालवणाऱ्यानं म्हणे स्वतः कमी बोलायचं. शिकून आली काय, तर गप्प बसायला," मागून कुणीतरी म्हणालं. "एवढं आईनं घरीच शिकवलं असतं."

हशा झाला. मीही हसलो. माझी पिठाची गिरणी आहे आणि गिऱ्हाईक हसलं की हसायची मला सवय आहे.

दुपार कलली होती, तरी वरचा पत्रा तापलेलाच होता. खडीच्या खाणीची धूळ मक्यावर इतकी साचली होती की जनावरं वैरण हुंगून तोंड फिरवत. सुरुंगांनी दोन विहिरींचं पाणी पळवलं होतं. उद्या सकाळी रस्त्यात आडवं पडून खाणीचे ट्रक अडवायचे, असं भोंग्याचं म्हणणं. तो विचारणार, "मान्य?" आम्ही ओरडणार, "मान्य!" की विषय मिटला.

मागल्या वर्षीही असाच मिटला होता. साठ जण मान्य म्हणाले, रस्त्यावर आले अकरा. एवढीशी माणसं बघून पहिल्या ट्रकवाल्यानं ब्रेक दाबलाच नाही. शिंपिणीचा भाऊ, आमचा सुतार, बाजूला होईपर्यंत चाक त्याच्या पायावरून गेलं होतं. आता तो काखेत कुबडी धरून दाराशी बसला होता. उद्या मी पुन्हा सगळ्यांच्या पुढं पडणार, असं त्यानं बहिणीला ठणकावून सांगितलं होतं.

शिंपीण उठली. गळ्यात मापाची टेप तशीच होती.

"मान्य का, असं मी विचारणार नाही," ती म्हणाली. "प्रत्येकानं हात वर करून बोटं दाखवायची. पाच बोटं म्हणजे मी उद्या पुढं असणार. मनात जेवढी शंका, तेवढी बोटं कमी. आणि नुसती मूठ म्हणजे मला हे नको, थांबा."

"बोटं काय मोजतेस? एकजूट दाखवा रे!" भोंग्यानं मूठ वर करून घोषणा दिली. इतक्या वर्षांची सवय. साठच्या साठ मुठी वर गेल्या.

क्षणभरानं लोकांच्या ध्यानात आलं आणि पुन्हा हशा उठला. हिच्या हिशेबानं अख्खं गाव नको म्हणत होतं.

ती हसली नाही. "हात खाली घेऊ नका. ज्याची मूठ चुकून झाली असेल, त्यानं बोटं उघडावीत."

इथं गंमत संपली. दोन हात उघडले. मग चार. मग नऊ. बाकीच्या मुठी तशाच राहिल्या. माझा हात दुखायला लागला, पण उघडेना. शेजारी-शेजारी बसलेली माणसं एकमेकांच्या हाताकडे चोरून बघत होती.

"बास कर," भोंगा दबक्या आवाजात म्हणाला. "झाकली मूठ सव्वा लाखाची. खाणवाल्याच्या कानावर गेलं तर?"

"मागल्या वर्षी झाकलीच होती, भाऊजी. त्यात माझ्या भावाचा पाय गेला." मग ती आमच्याकडे वळली. "उघडा म्हणत नाही. का झाकली, तेवढं सांगा."

कुणी बोलेना. तीही बोलेना. टेपचं टोक बोटाला गुंडाळत नुसती उभी राहिली.

"मला भीती वाटते," मी म्हणालो. आवाज माझाच होता. "मागल्या वर्षी मी सांगितलं, गिरणीचा पट्टा तुटला म्हणून येता आलं नाही. पट्टा तुटला नव्हता."

कुणीतरी शिवी द्यावी, असं मला फार वाटलं. कुणी दिली नाही.

"मला ठाऊक होतं," दाराशी बसलेला सुतार म्हणाला. "मी रस्त्यात पडलो होतो ना, तेव्हा गिरणी चालू होती. आवाज येत होता."

वर्षभर हा माणूस माझ्याकडे दळण आणत होता. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं.

मग एकेक जण बोलायला लागला. कुणाचा मुलगा खाणीत कामाला, कुणाची बायको पोटुशी. शिंपीण प्रत्येकाचं ऐकून नुसती मान हलवायची. शेवटी ती भोंग्याकडे वळली. "भाऊजी, तुमची किती?"

त्याचा हात केव्हाच खिशात गेला होता. त्यानं तो काढला. तीन बोटं.

"मी होतो तिथं," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज शेडबाहेर गेला नाही. "याची किंकाळी अजून ऐकू येते."

तेव्हा कोपऱ्यातला म्हातारा गुराखी खाकरला. सभेत तो कधी बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं. "आडवं पडायला छाती लागते," तो म्हणाला. "गुरं पाण्यावर न्यायला कशाला लागते? रस्ता ढोरांचाच आहे. उद्या सगळ्यांनी आपापली घेऊन निघा. सावकाश."

शिंपिणीनं पुन्हा बोटं मागितली. आता एकही मूठ नव्हती. सुतारानं बहिणीकडे बघत पाच दाखवली. माझी चार उठली. अंगठा अजून घाबरत होता.

सकाळी रस्ता गुरांनी भरून गेला. पुढं गुराखी, मागं अख्खं गाव. पलीकडे ट्रकांची रांग हॉर्न वाजवून वाजवून थकली. चिरडायचं म्हटलं तरी कुणाकुणाला चिरडणार? मी माझी एकुलती एक म्हैस घेऊन चाललो होतो आणि दर हॉर्नला तिच्या आड होत होतो, ते खोटं कशाला सांगू?

सुतार कुबडी टेकत माझ्या बरोबरीनं आला. जरा थांबला आणि गावाकडे कान देऊन उभा राहिला.

"गिरणीचा आवाज नाही आज," तो म्हणाला.

"पट्टा तुटलाय," मी म्हणालो.

त्यानं म्हशीचा दोर माझ्या हातातून घेतला आणि पुढं चालू लागला.