सोबत: पत्नी

चैतराम गजभिये वारले त्याला महिना व्हायचा होता. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम उरकला, पाहुणे आपापल्या गावी गेले आणि महेंद्रनं बापाचे कागद निकाली काढायला घेतले. बँकेचं झालं, पेन्शनचं झालं. आता टेबलावर दोनच कागद उरले होते. एक होता रेल्वेच्या विधवा पासचा अर्ज, तो भरायचा होता. दुसरी होती जपानच्या रेल्वेच्या पासची पावती. ही पावती तिथल्या मोठ्या स्टेशनावर दाखवली की खरा पास हातात देतात. ती रद्द करायची होती.

"आई, इथं सही कर," महेंद्र म्हणाला.

जिजाबाईनं चष्मा लावला. आठवी शिकलेली बाई, हिंदी चांगली वाचायची. पहिल्याच ओळीत 'स्वर्गीय चैतराम गजभिये की विधवा' असं होतं आणि त्यापुढं तिच्या नावासाठी रिकामी जागा होती. तिनं पेन खाली ठेवलं.

"उद्या करीन."

"उद्या काहून? आज काय झालं?"

"उद्या करीन म्हटलं नं."

महेंद्र किरनापूरच्या शाळेत मास्तर होता. हट्टी पोरांशी रोजचीच गाठ असल्यानं त्यानं वाद घातला नाही. पण जपानचं काम थांबण्यासारखं नव्हतं. विमानाची तिकिटं काढणारा गोंदियाचा एजंट म्हणाला होता की, मंगळवारपर्यंत कळवा, नाहीतर माझ्या हातात काही राहणार नाही. प्रवासाला तीन आठवडे उरले होते आणि आज शनिवार होता.

आता बालाघाटच्या एका रिटायर गार्डाला जपानचं वेड कुठून लागलं, ते सांगायला हवं. चैतरामनं सारी नोकरी छोट्या लाईनवर काढली. जंगलातून, घाटातून ती चिमुकली गाडी जायची आणि सगळ्यात मागच्या डब्यात हिरवा-लाल झेंडा घेऊन हा माणूस उभा असायचा. लाईन मोठी करायला घेतली, छोटी गाडी बंद झाली, पाठोपाठ तोही रिटायर झाला. मग कोणीतरी त्याला मोबाईलवर जपानचा गार्ड दाखवला. पांढरे हातमोजे घातलेला तो गार्ड प्रत्येक गोष्टीकडं बोट दाखवून मोठ्यानं काहीतरी बोलत होता. चैतरामनं ते इतक्यांदा पाहिलं की मोबाईल गरम व्हायचा.

"पाह्य जिजा, असा असते गार्ड! रिकाम्या फलाटालेही बोट दाखवून सांगते, सब ठीक हाय म्हणून. मले एक बार आपल्या डोळ्यानं पाह्यचं हाय."

वर जपान म्हणजे बुद्धाची भूमी. तिथल्या नारा शहरातली बुद्धाची भलीमोठी मूर्ती जिजाबाईलाही पाहायची होतीच. बुद्धगया झाली होती, सारनाथ झालं होतं. जपान मात्र तिला गंमत वाटायची, पासपोर्ट हातात येईपर्यंत.

विमान, व्हिसा, हॉटेल हे सगळं एजंटानं केलं. रेल्वेच्या पासला मात्र चैतरामनं त्याला हात लावू दिला नाही. बाहेरून आलेल्या पर्यटकांसाठी तिकडं सात दिवसांचा पास मिळतो. तो एकदा घेतला की, काही गाड्या सोडल्या तर, देशभर हवं तिथं चढा, हवं तिथं उतरा. "अडतीस वर्षं पासवर फिरलो मी," चैतराम म्हणाला होता, "मले पास शिकवतं काय?" आणि स्वतः ऑनलाइनच्या दुकानात जाऊन पास काढून आला.

रेल्वेवाल्याच्या घरात पास ही साधी चीज नसते. दिवाळी एक वेळ चुकेल, पास फुकट जाऊ द्यायचा नाही. त्या पासवर लिहिलेलं असायचं: चैतराम गजभिये, गार्ड. सोबत: पत्नी, पुत्र एक. पुढं पोरगा मोठा झाला आणि पासवरून उतरला. पत्नी राहिली. इतक्या वर्षांत जिजाबाईचं नाव काही त्या कागदावर आलं नाही. नवऱ्याच्या नावाखाली ती 'पत्नी' म्हणून हिंडली आणि खरं सांगायचं तर तिला त्याचं कधी वाईटही वाटलं नाही. एक वेळ सोडून.

तेव्हा महेंद्र चार वर्षांचा होता. बुद्धगयेला निघाले होते. एका मोठ्या जंक्शनवर चैतराम पाणी भरायला उतरला, नळावर ही गर्दी, आणि गाडी सुटली. दुसऱ्यांची गाडी सोडणाऱ्या गार्डाची स्वतःची गाडी सुटली! पास त्याच्या शर्टाच्या खिशात होता. थोड्या वेळानं तिकीट तपासनीस आला. जिजाबाई सांगत राहिली की माझा मालक रेल्वेत गार्ड आहे, मी पासवर आहे. "पास कहाँ है?" तो म्हणाला. डब्यातली माणसं पाहत होती. पुढच्या स्टेशनावर तिला पोरासकट उतरवलं. तीन तास ती फलाटावर गाठोड्यावर बसून राहिली. चैतराम मागच्या गाडीनं आला तेव्हा ती रडली नाही, बोललीही नाही. फक्त त्या दिवसापासून ती प्रवासात त्याच्या शर्टाचं टोक धरून चालायची. म्हातारपणीही धरायची. लोक हसायचे, पण चैतरामनं ते टोक कधी सोडवून घेतलं नाही.

शनिवारी दुपारीच मायलेक हनुमान चौकाकडच्या ऑनलाइनच्या दुकानात गेले. दुकान साधनाचं. चाळिशीची बाई, बोलायला चटपटीत, अर्धी मराठी अर्धी हिंदी. महेंद्रनं बापाचा पासपोर्ट आणि मृत्यूचा दाखला पुढं केला.

"बाबाचा पास रद्द करा लागते, मॅडम. आईचापण. दोन्ही करून टाका."

साधनानं पावती पाहिली, कॉम्प्युटर पाहिला, पुन्हा पावती पाहिली.

"भैया, दोन नाहीत. एकच पास आहे."

"बाबाचा?"

"काकांच्या नावानं तर काहीच नाही. हा काकूंचा आहे. जिजाबाई चैतराम गजभिये. बस."

महेंद्रनं कपाळाला हात लावला. अडतीस वर्षांच्या अनुभवाचा हा निकाल! "दोघं जाणार अन् पास एक? कसे जाणार होते मग बाबा? गाडीच्या मागं धावत?"

 जिजाबाईच्या मनात मात्र आलं ते भलतंच होतं. याला यायचंच नव्हतं का? दुखणं आधीच कळलं होतं का याला? मला एकटीला धाडून हा मागं राहणार होता का? छातीत दुखतं असं तो एका शब्दानं बोलला नव्हता. सकाळी पेपर आणायला म्हणून मोटार स्टँडवर गेला आणि तिथंच बाकावर बसल्या बसल्या गेला.  तिनं खुर्ची ओढली.

"साधना, तुले काही बोलले होते काय ते?"

साधना जरा घुटमळली. मग म्हणाली, "काकू, मी विचारलं होतं नं त्यांना. म्हटलं, काका, आप तो दो लोग हो, दोन पास लागतील. ते माझ्यावरच चिडले. म्हणे, पासवर नाव एकाचंच असते, बाकी सोबतवाले. मी म्हटलं, बाहरवालों का अलग होता है. ते म्हणे, पोरी, रेल्वे इथून तिथून सारखीच. मग मी काय बोलणार? मी त्यांचं नाव टाकायला लागली."

"मग?"

"म्हणाले, मिटव. मिटव ते. या टायमाले पास तिच्या नावानं काढ. मी सोबत." साधनानं पावतीवरच्या नावावर बोट ठेवलं. "मी हसली, म्हटलं, काहून काका? तर म्हणे, एक बार तिच्यापाशी कागद नव्हता. बिचारीले पोरासंगं उतरवलं. आता पास तिच्यापाशी राहीन. मी हरवलो तरी तिले कोणी उतरवू नये."

 ते जंक्शन, ते गाठोडं, ते तीन तास यांबद्दल नवरा-बायकोत पुन्हा कधी एक शब्द झाला नव्हता. जिजाबाईला वाटायचं तो विसरला. पुरुषमाणूस, विसरणारच. आणि हा बाबा चाळीस वर्षं तेच मनात घेऊन बसला होता.

"म्हणजे तिथं गेटावर बाबालेच अडवलं असतं," महेंद्र म्हणाला. तो हसायला गेला आणि बाप गेल्यापासून पहिल्यांदा हमसून हमसून रडला. जिजाबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग तिनं पदरानं स्वतःचे डोळे पुसले आणि साधनाच्या हातातली पावती काढून घेतली.

"रद्द नको करू."

"आई?"

"मी जाईन."

"एकटी? तुले गोंदियाच्या पुढं एकटीनं जायचं माहीत नाही. भाषा येत नाही तिथली. माझ्यापाशी पासपोर्ट नाही, मी येऊ नाही शकत."

"तू कायले येतं? पासवर तुझं नाव नाही." ती हे इतकं सरळ म्हणाली की साधनाला हसू आलं. "तुझ्या बाबानं वहीत सगळं लिहून ठेवलं हाय. कोणती गाडी, किती वाजता, कुठं उतरायचं. मी वाचीन अन् जाईन. जमलं नाही तर त्या हॉटेलात सात दिवस बसून राहीन. पण हा कागद वाया नाही जाऊ द्यायचा."

"अन् तो विधवा पासचा फॉर्म?"

"आल्यावर करीन सही. पहिले हा वापरू दे."

सोमवारी महेंद्रनं एजंटाला फोन केला. दोनपैकी एकच तिकीट रद्द करा, म्हणाला.

जपानात जिजाबाई पोचली ती चपलेचा अंगठा तुटलेली, दोन रात्री न झोपलेली आणि भेदरलेली. साधनानं जपानीत छापून दिलेल्या चिठ्ठ्या दाखवत दाखवत तिनं पासची खिडकी गाठली. खिडकीमागच्या मुलीनं पासपोर्ट पाहिला, तिच्याकडं पाहिलं आणि एक बोट वर करून विचारलं, एकच ना? जिजाबाईनं शेजारच्या रिकाम्या जागेकडं पाहिलं. मग तिनंही एक बोट वर केलं.

गेटावर मशीन होतं. त्यानं पास तिच्या हातातून गिळला तेव्हा तिचा जीव खाली-वर झाला. पण दारं उघडली आणि पास पलीकडं वर आला. तिनं तो उचलला. सवयीनं तिचा दुसरा हात शर्टाचं टोक धरायला बाजूला गेला होता. तो तिनं मागं घेतला आणि पासवर ठेवला.

चैतरामची वही निळ्या पुठ्ठ्याची होती. गार्डाच्या वहीसारखे रकाने आखलेले: गाडी, सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, शेरा. शेऱ्याचा रकाना त्यानं रिकामा ठेवला होता, कारण तो गाडी चालल्यावर भरायचा असतो. पहिली गाडी क्योटोची होती. फलाटावर येऊन जिजाबाई आपल्या डब्यापाशी उभी राहिली. गाडी लागली, लोक चढू लागले. तिनं पाऊल उचललं आणि थांबली. गार्ड तर मागं असतो.

ती बॅग ओढत फलाटाच्या शेवटापर्यंत गेली. सोळा डब्यांची गाडी, दम लागला. शेवटच्या डब्याच्या खिडकीशी पोरगेलासा गार्ड होता, पांढरे हातमोजे, टोपी. त्यानं घड्याळाकडं बोट दाखवलं, काही बोलला. फलाटाकडं बोट दाखवलं, काही बोलला. जिजाबाईनं हात जोडले. त्याला कशाला कळणार, पण त्यानं मान लववली. दारं बंद झाली. गाडी हलली, खिडकीतून बाहेर डोकावून तो फलाट संपेपर्यंत पाहत राहिला.

तिची गाडी तिच्या डोळ्यांदेखत गेली होती. फलाटावर ती बॅगेवर बसली, परक्या देशात, एकटी. थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं की आपल्याला भीती वाटत नाहीये. पास तिच्यापाशी होता. तिनं वही उघडली, फलाटावरच्या घड्याळात पाहिलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: गाडी वेळेवर सुटली. गार्ड पाहिला.

पुढची गाडी अर्ध्या तासानं होती.