गाडीवरची करणी

माझ्या नातीला, पूर्वीला, पहिला मुलगा झाला ते २०२३ साल. त्याच वैशाखात माझ्या दिराच्या मुलीचं, अंकिताचं, लग्न होतं. ओवे गावात आमची दोन घरं शेजारी शेजारी. आमच्याकडे लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीला धवळारीण गाणी म्हणते, त्यांना धवळे म्हणतात. आळीतली धवळारीण मी. अंकिता माझ्या मांडीवर वाढली. तिचे धवळे मी म्हणणार, हे ती चालायला लागली तेव्हापासून मी मनात धरलं होतं.

दीर बुधाजी. कंटेनर ओढणारे त्याचे ट्रेलर जासईला चालतात. त्याला दोन्ही घरांची जागा एकत्र करून बिल्डरला द्यायची होती. कागद माझ्यापुढे आणला. मी म्हातारपणी का होईना, वाचायला शिकले आहे. वाचला आणि सही न करता परत दिला. तेव्हापासून तो माझ्यावर डूख धरून होता. उघड बोलायला त्याला निमित्त मिळालं ते गाडीचं.

त्याच्या मुलाने, दीपेशने, आदल्या दिवाळीत खारघरच्या एका माणसाकडून जुनी स्पोर्ट्स गाडी घेतली. लाल, दोन सिटांची, जमिनीला पोट टेकेल अशी. अंकिता आणि जावई लग्नानंतर त्याच गाडीतून निघणार, असं ठरलं. काही दिवस गाडी नीट चालली. मग तिला खोड लागली. किल्ली फिरवली की दिवे लागायचे, आत ‘टक’ वाजायचं आणि पुढे काही नाही. जरा वेळाने फिरवली की झटक्यात चालू.

दीपेशने बॅटरी नवी टाकली. इंजिन फिरवणारा सेल्फ उतरवून दुरुस्त करून आणला. पनवेलच्या गॅरेजात सकाळभर ठेवली तर दर वेळी चालू झाली. घरी आणली की पुन्हा टक.

आमच्या आळीत त्याचं फाटक उघडायचं तर गाडी माझ्या ओट्यासमोरच थांबवावी लागते. हायवेवरून तापून आलेली गाडी तो तिथे बंद करायचा, फाटक उघडायचा, आणि परत चालू करायला गेला की ती मेलेली. एकदा असं झालं तेव्हा बुधाजी बाहेर आला.

“वैनी, काय केलंस गो गाडीला?”

“मी तांदूळ निवडतंय. दिसत नाय काय?”

“तुज्याच दारात कशी मरते ती? जागेवरून पोट दुखतंय तुजं, ते गाडीवर काढतेस. चेटकीण हायेस तू!”

“भावजी, तोंड सांभाळा. मोठ्या भावाची बायको हाय मी.”

“माज्या भावाला पण तूच खाल्लास. तू माज्या मांडवात पाय ठेवायचा नाय.”

आळीतल्या बाया दारात उभ्या होत्या, अंकिताही तिच्या दारात होती. एकीनेही हूं केलं नाही.

त्यानंतर गाडी अडली की बुधाजी नारळ आणायचा, गाडीवरून उतरवायचा आणि फोडायचा. ट्रेलरचा नारळ तो बंपरवर फोडतो. पण या गाडीचं तोंड फायबरचं, तडकेल म्हणून तो बोनेट उघडून आतल्या लोखंडावर फोडायचा. गाडी घरी आणली त्या दिवशी आणि नंतर प्रत्येक अमावस्येला त्याने असंच केलं होतं. नारळ आणून, उतरवून, फोडेपर्यंत गाडी चालू व्हायची.

“बगितलंत? उतरली करणी!” तो आळीला ऐकू जाईल असं म्हणायचा.

खोटं कशाला सांगू, दोन-तीनदा डोळ्यांदेखत असं झाल्यावर मलाही माझ्या नजरेची भीती वाटू लागली. गाडीचा आवाज आला की मी आत जाऊन बसायचे.

लग्नाच्या आदल्या रविवारी गाडी पुन्हा माझ्या दारात अडली. बुधाजीने नारळासाठी हाक मारली.

“बाबा, थांबा,” दीपेश म्हणाला. “गरम हाय तवरच बगायचंय मला. थंड झाली की ती काय सांगत नाय.”

त्याने एक जाड वायर काढली. एक टोक बॅटरीच्या मायनसला लावलं, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला. त्याची बायको नीता आत बसली होती, तिला किल्ली फिरवायला सांगितली. गाडी चालू. बंद करून वायर काढली, फिरवली, टक. पुन्हा लावली, चालू. मी दाराआडून बघत होते. आता बाहेर आले.

“बॅटरीत दम हाय, सेल्फ पण ठीक हाय,” दीपेश म्हणाला. “मधली अर्थिंगची वायर करंट नेत नाय.”

बॅटरीखाली हात घालून त्याने एक बोल्ट सोडवला आणि वायरचं टोक वर काढलं. त्याच्यावर हिरवट पांढरी बुरशीसारखी खपली होती आणि खाली काळा चिकटा. चिकट्यात नारळाची शेंडी आणि कुंकू. त्याने ते नाकाशी नेलं आणि तो हसला.

“बाबा, ही तुमची करणी.”

“काय बोलतोस?”

“नारळाचं पाणी हितं जिरलंय. वायर सडली. तापली की सोडते, थंड झाली की धरते. तुमी नारळ फोडेपर्यंत ती थंड व्हायची, दुसरं काय नाय.”

बुधाजीने बोल्टकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

“नारळ फोडायची पाळी कुणी आणली?”

“पयला नारळ तर गाडी आणली त्या दिवशी फोडलात. तवा काय काकीने करणी केली होती?”

“तवाच तर केली,” बुधाजी म्हणाला आणि घरात गेला.

दीपेशने ती जागा पॉलिश पेपरने घासली, नवी वायर टाकली. गाडी पुन्हा अडली नाही.

हळदीच्या आदल्या दिवशी नीता माझ्या दारात हळद-तांदूळ घेऊन आली. “काकी, धवळ्यांना चला. अंकिता रडते.”

धवळारिणीला आमंत्रण घरच्या कर्त्या पुरुषाने द्यायचं असतं.

“तुज्या सासऱ्याला पाठव,” मी म्हणाले. “आळीत चेटकीण म्हणाला, आळीतच सांगू दे की नाय म्हणून.”

“ते नाय येणार.”

“मग मी पण नाय.”

बुधाजी आला नाही. त्यांनी मोबाईलवरचे धवळे स्पीकरला लावले. कुठल्या गावचे होते कोण जाणे, नवऱ्याचं नावही दुसरंच होतं. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं.

निघताना अंकिता शालू सावरत माझ्या ओट्याशी आली. पाया पडली नाही.

“एका शब्दासाठी माजं लग्न मुकं केलंस, काकी.”

“शब्द लहान नव्हता, पोरी. तो ऐकलास तवा तू पण दारातच होतीस. तू काय बोललीस?”

ती वळली आणि गाडीत बसली. जावयाने किल्ली फिरवली. गाडी चालू झाली आणि आळीतून गेली. त्यानंतर अंकिता माहेरी आली की माझ्या घराकडे बघत नाही.

तो शब्द मागे घ्यायला बुधाजी माझ्या दारात कधीच आला नाही. २०२४ च्या पितृपक्षात, सकाळी, तो आपल्या घरी वारला.