केसरबाईच्या छातीतली खडखड

मोहफुलं वेचायची सोडून अख्खा हिवरटोला त्या रविवारी फाट्यावर आला होता, महाराज. तेंदूपानं गोळा करायच्या फडाची शेड, हंगामाला अजून वेळ म्हणून रिकामी. आत खाट, खाटेवर वाघाच्या छापाची चादर, चादरीवर तुम्ही आणि तुमच्या मांडीवर लाल फडक्यात बांधलेली पोथी. समोर शे-दीडशे माणसं. ज्यांना जागा नाही ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभे.

"तुमच्यापाशी फोर जी," तुम्ही म्हणालात. "माझ्यापाशी गुरुजी. तुमचा टॉवर टेकडीमागं गेला का मरते. माझा टॉवर मेलेल्यायचाच हाय."

लोक हसले. मीही हसले. तोंड चांगलं चालतं तुमचं, एवढं कबूल करते.

मग पोथी उघडली. तुम्ही एक पान उलटलं आणि देवरावभाऊंकडे बोट केलं. "पोरगा घुग्घुसले खाणीत. मंगळवारी पायावर दगड पडला. आईले सांगू नका म्हणे."

देवरावभाऊ मटकन खाली बसले. ते खरं होतं. पोराने फक्त त्यांना कळवलं होतं आणि त्यांनी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. बायको शेजारीच होती. तिने तिथेच रडायला सुरुवात केली. शेडमध्ये एकदम शांत झालं. हात जोडले गेले. चमत्कार असाच असतो, त्याचा आवाज होत नाही.

आणि मग मी.

"ते मागं बसली ते. सिंदेवाहीवाली पोरगी. तुमच्यातली केसरबाई गेली ना? बुधवारी, दुपारी?"

"हो," मी म्हणाले.

"दोन महिने छातीत खडखड. अंग तापे. कोनाचं ऐके नाई."

"नव्हती ऐकत."

"पोटातलं पोटातच राह्यलं तिच्या. तिले खाल्लं कोनं, सांगू?"

तुमचं बोट गर्दीवरून हळूहळू फिरलं आणि माझ्या शेजारी थांबलं. माझ्या मावशीवर.

गिरजाबाई. हिवरटोल्याची अंगणवाडी सेविका. तिचा गुन्हा असा, की अंगणवाडीतल्या, तापाने फणफणलेल्या दिव्या नावाच्या पोरीला तिने तुमच्याकडे न आणता गोंडपिपरीच्या दवाखान्यात नेलं. पोरगी बरी झाली. तुमचं गिऱ्हाईक गेलं. त्यानंतर पंधरा दिवसांत अंगणवाडीतली अठरा मुलं दोनवर आली. हापशीवर मावशी गेली की बाया घागरी उचलून बाजूला व्हायच्या.

"हिच्या हातचं पानी जो पिईन त्याचं केसरबाईवानी होईन," तुम्ही म्हणालात. "पुढच्या रविवारी हिनं इथी येऊन नाक घासावं अन् कबूल करावं. नाई तं गावानं पाहून घ्यावं."

गावाने पाहून घ्यावं. चेटकीण ठरवलेल्या बाईसाठी आमच्या भागात याचा अर्थ काय होतो, ते तुम्हालाही ठाऊक होतं आणि मलाही.

मावशीचा हात माझ्या हातात होता, थंडगार. आणि मी, लाज वाटते सांगायला, मी विचार करत होते तो केसरबाईचा.

*

ग्रुप: बूट होईना
नियम: जो आपल्या फोनच्या लॉकचा पॅटर्न दुसऱ्याला सांगेल त्याला ग्रुपमधून हाकलण्यात येईल. (नियम मी, म्हणजे हर्षाने, केला होता. लक्षात ठेवा.)
बुधवार

प्रफुल, १:४०: केसरबाई गेली.

रिना, १:४१: अरे देवा. त्रास झाला का?

प्रफुल, १:४१: खडखड करत होती दोन महिन्यांपासून. आज अंग लय तापलं. एकदम गप.

हर्षा, १:४३: मी सांगत होते, हिला विश्रांती द्या.

रिना, १:४४: ती कोणाचं ऐकते का. पोटात काय राहिलं?

प्रफुल, १:४४: सगळं. पोटातलं पोटातच.

रिना, १:४६: विंडोजवाल्यांचं मरणही असंच. अर्धा तास फिरतं चाक, मग निळा चेहरा.

प्रफुल, १:४६: आन तुझ्या लिनक्सचं काय? चालू कराले आधी मंत्र पाठ करावा लागते.

रिना, १:४७: मंत्र पाठ केला की चालतं तरी. तुझं 'अपडेट होत आहे, कृपया बंद करू नका' मागच्या दिवाळीपासून चालू आहे.

*

केसरबाई म्हणजे सिंदेवाहीच्या आमच्या क्लासमधला सगळ्यात जुना कॉम्प्युटर. नाव प्रफुलने ठेवलं, कारण ती सुरू होताना खोकायची. प्रफुल घुग्घुसला दुरुस्तीचं दुकान चालवतो, केसरबाई शेवटी तिथेच होती; रिना चंद्रपूरला एका ऑफिसात असते आणि मी क्लासमध्ये शिकवते. केसरबाई नावाची बाई आमच्यात कोणी नाही, कधी नव्हती. हे नाव जगात तीन माणसांना माहीत होतं, आणि त्या रविवारी तुम्ही चौथे.

शेडमधून बाहेर आल्यावर मी फोन काढला. सेटिंग. लिंक केलेली डिव्हाइस.

एक नाव होतं. विंडोज, क्रोम. आजच सकाळी चालू. माझं नव्हतं.

आणि मला माझाच शनिवार आठवला.

हिवरटोल्यात सिग्नल येत नाही आणि विजेचा भरवसा नाही. म्हणून सगळ्यांचे फोन फाट्यावर अंकुशच्या दुकानात चार्जिंगला असतात. झेरॉक्स, रिचार्ज, ऑनलाइन फॉर्म, भिंतीवर लाकडी फळी आणि फळीवर वीस-पंचवीस फोन एका रांगेत. फोन ठेवताना प्रत्येक जण अंकुशला पॅटर्नही सांगून जातो. कारण मधेच बाहेरगावच्या पोराचा फोन आला, मेसेज आला, तर अंकुशने पाहून निरोप द्यायचा असतो. 'चार वाजता घ्या म्हना, बाबा वावरात गेले.' ही इथली टपालाची पद्धत आहे. कोणालाही त्यात वावगं वाटत नाही. मीही शनिवारी मावशीकडे आले, तेव्हा फोन ठेवला. अंकुशने विचारलं, "पॅटर्न, ताई?" आणि मी, ग्रुपचा नियम करणारी, हवेत बोट फिरवून तो दाखवला.

त्याला अर्धं मिनिट पुरे होतं. फोन उघडायचा, त्याच्या लॅपटॉपवरच्या क्यूआर कोडच्या चौकोनी ठिपक्यांसमोर धरायचा, की माझं व्हॉट्सअ‍ॅप त्याच्याकडेही उघडलं. मी आधी लिहिलेलं आणि पुढे लिहीन ते सगळं त्याला दिसणार. आणि त्याने पाहिलेलं तुम्हाला.

आत्मे वगैरे काही नाही, महाराज. आमची पत्रं फोडून आम्हालाच वाचून दाखवत होतात तुम्ही.

गावी परतल्यावर मी टेकडी चढून रिनाला फोन केला. बोलून. लिहून नाही.

"आत्ताच्या आत्ता काढून टाक ते," रिना म्हणाली.

"नाही. राहू दे. पाहुणा आहे. त्याला जेवू घालू."

"हर्षा, सरळ पोलिसात जा."

"जाणारच आहे. पण पोलीस त्याला नेतील आणि गाव म्हणेल, गिरजाबाईनं महाराजालाही खाल्लं. मला तो गावासमोर हवाय."

"आणि त्याने नाही वाचलं तर? नाक मावशीला घासावं लागेल."

मावशी शेजारी दगडावर बसून ऐकत होती. तिने फोन माझ्या हातातून घेतला.

"लिवा," ती रिनाला म्हणाली. "त्याले आवडन असं लिवा. माझंच नाव टाका त्यात."

*

ग्रुप: बूट होईना
गुरुवार

हर्षा, ११:०२: आई आज वारलूमामाची आठवण काढून रडली.

प्रफुल, ११:०३: कोन वारलूमामा?

हर्षा, ११:०५: सांगितलं नव्हतं कोणाला. सिरोंच्याच्या पलीकडे मिरची तोडायला गेला होता. विहिरीजवळ सापडला. हातात सायकलचं डावं पायडल.

रिना, ११:०६: डावंच?

हर्षा, ११:०६: डावंच. आणि जायच्या आदल्या दिवशी जेवण-पाणी कोणाकडे झालं होतं माहितीये? गिरजामावशीकडे.

प्रफुल, ११:०९: बापरे. हे कोनाले सांगू नको.

*

त्याच दुपारी मी एक पाकीट घेऊन पोलीस पाटलांकडे गेले. बापूराव. तुमच्या पाया पडणाऱ्यांत पहिले. त्यांना म्हटलं, आत काय आहे ते विचारू नका. फक्त सही करा, तारीख टाका, डिंकाने चिकटवा आणि रविवारी घेऊन या.

"काऊन?" त्यांनी विचारलं.

"माझ्या अंगात येऊन राह्यलं," मी म्हणाले.

त्यांनी घाबरून सही केली.

*

दुसरा रविवार. गर्दी दुप्पट. नाक घासण्याचा कार्यक्रम ना. मावशी पांढरं लुगडं नेसून आली होती, कमरेवर पाण्याचं मडकं, हातात पेला. लोक तिच्यापासून हातभर लांब सरकले, म्हणून आम्हाला पुढे बसायला जागा ऐसपैस मिळाली.

तुम्ही पोथी उघडली. मी तुमच्या बोटाकडे पाहत होते. पहिलं पान, दुसरं पान. तुमचं बोट थांबलं आणि तुमच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं, ते मी जन्मभर जपणार आहे.

"वारलू," तुम्ही डोळे मिटून म्हणालात. "या पोरीचा मामा. सिरोंच्याच्या पल्याड मिरची तोडाले गेला. विहीर दिसून राह्यली मले. हातात काय हाय त्याच्या... सायकलचं पायडल. डावं."

गर्दीतून हुंकार उठला.

"अन् शेवटचं पानी पिला तो कोनाच्या घरी?"

"बापूरावभाऊ," मी उभी राहिले, "पाकीट फोडा."

बापूरावांनी आधी आपली सही तपासली. मग चष्मा पुसला. मग एवढ्या सावकाश वाचलं, की प्रत्येक शब्द ट्रॉलीपर्यंत पोचला.

"'येत्या रविवारी महाराज सांगतील, हर्षाचा मामा वारलू, मिरची तोडायला गेला, विहिरीजवळ सापडला, हातात सायकलचं डावं पायडल. मला मामाच नाही. माझी आई आणि मावशी दोघीच बहिणी. हे सगळं मी आज माझ्या फोनवर खोटं रचून लिहिलं आहे. फोनमधलं महाराजांना कसं कळतं, ते त्यांनाच विचारावं.'"

तुम्ही डोळे उघडलेत. "हा मागच्या जन्मीचा मामा हाय."

"मागच्या जन्मी सायकल होती का, महाराज?" ट्रॉलीतून देवरावभाऊ म्हणाले.

पहिलं हसू तिथे फुटलं. एकाचं, मग पाच जणांचं.

तेवढ्यात प्रफुल पोतं घेऊन पुढे आला. त्याने पोत्याचं तोंड उलटं केलं आणि तुमच्या खाटेपुढे एक धुळकट लोखंडी डबा ठेवला. त्यावर दसऱ्याच्या हळदीचा ठिपका अजून होता.

"हे केसरबाई," प्रफुल म्हणाला. "कॉम्प्युटर हाय. छातीतली खडखड म्हंजे हिची हार्ड डिस्क. अकरा वर्सं चालली अन् मेली. हिले कोनी खाल्लं नाई. इचारा हिच्या आत्म्याले, विंडोज कोनती टाकली होती."

आता सगळेच हसत होते. एक बापूराव हसत नव्हते. त्यांनी हात पुढे केला. "पोथी द्या."

"पोथीले हात लावशीन तं वंश बुडन."

बापूरावांचा हात हवेतच थांबला. तीनशे माणसं आणि एक लाल फडकं. मला वाटलं, गेलं. सगळं गेलं.

मावशी उठली. मडकं खाली ठेवलं. "मी तं आधीच चेटकीण हाव," ती म्हणाली. "माझं आनखी काय होईन?"

आणि तिने पोथी उचलली.

आत झेरॉक्सचे कागद होते. कडेला दोन भोकं, त्यांतून लाल दोरा. प्रत्येक कागदावर वर पेनाने नाव. 'देवराव, घुग्घुसचा पोरगा.' 'अन्नपूर्णा, भावाशी भांडण.' 'सिंदेवाहीवाली.' खाली आमचे मेसेज, वेळेसकट. मागे अंकुश मोटारसायकलला किक मारत होता, पण वाटेत ट्रॉली आडवी होती आणि ट्रॉलीतल्यांना उतरायची घाई नव्हती. त्याच्या लॅपटॉपमध्ये एकवीस जणांचे फोन उघडे सापडले.

कोणीतरी म्हणालं, धरा आणि हाणा. मलाही तेच हवं होतं, महाराज. माझ्या हातात केसरबाईचं झाकण होतं, आणि ते वजनदार आहे.

"लाइनीत या," मावशी म्हणाली. अंगणवाडीतल्या पोरांना म्हणते तसं.

लोक रांगेत आले. जी बाई काल हापशीवरून घागर उचलून पळाली होती, तीसुद्धा. मावशी दोऱ्यातून एकेक पान काढून ज्याचं त्याला देत गेली. अन्नपूर्णाबाईंना वाचता येत नाही. मावशीने त्यांच्या पानाची घडी केली आणि न वाचता त्यांच्या हातात दिली. तुम्ही खाटेवर बसून पाहत होतात. उठू कोणी देत नव्हतं.

मी अंकुशच्या दुकानातल्या फळीवरचा एकेक फोन आणून दाखवलं: इथे दाबा, 'लिंक केलेली डिव्हाइस' पाहा, ओळखीचं नसेल तर काढा. वाचणाऱ्यांनो, तुम्हीही आत्ता पाहा. पॅटर्न बदला, आणि नवा कोणालाही दाखवू नका, दुकानदार कितीही भला असो. आणि कोणी तुमच्या मनातलं सांगितलं, तर हात जोडण्याआधी एकच प्रश्न विचारा: हे मी कुठे बोललो होतो, आणि तेव्हा कोण ऐकत होतं? याचं उत्तर दर वेळी एखादं माणूसच निघतं.

गोंडपिपरीहून पोलीस यायला तासभर लागणार होता. मार्चचं ऊन, वर पत्रा. अंकुशच्या दुकानाला गावाने कुलूप घातलं होतं. तुमचे ओठ सुकले. तुम्ही इकडेतिकडे पाहिलंत. शेडमध्ये मडकं एकच होतं.

मावशीने पेला भरला आणि तुमच्यापुढे धरला.

तुम्ही पेल्याकडे पाहिलंत. गावाने तुमच्याकडे. नाही म्हणालात तर तहान, प्यालात तर तुमचाच शाप खोटा. एवढा सरळ हिशोब तुमच्या कोणत्याच पोथीत नसेल.

तुम्ही प्यालात. घटाघटा. आणि पेला पुन्हा पुढे केलात.

"माफ केलं असं समजू नोको," मावशी दुसऱ्यांदा भरताना म्हणाली. मग ती गावाकडे वळली.

"जितं हाय का पाहून घ्या सगळे जन. मंग उद्या पोरं पाठवा. सकाळी नऊले अंगणवाडी उघडतो मी."